वऱ्हाडातला तिऱ्हाईत

बुलढाणा जिल्ह्यात कुणाची नवी ओळख झाली की गावाच्याही आधी एक गोष्ट विचारली जाते: घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मोताळ्याहून राजूरचा घाट चढा नाहीतर खामगावहून बोथ्याचा, वर आलं की हवा बदलते, बोली मराठवाड्याकडे थोडी कलते आणि रेल्वे मागे राहते.

मुंबई-नागपूर लोहमार्ग 1860च्या दशकात घाटाखालून गेला. पुढे 1870 साली खामगावच्या कापसासाठी जलंब-खामगाव हा चिमुकला फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. त्या काळी इथल्या कापसाचा दरारा एवढा होता. घाटावर मात्र रूळ कधी चढलेच नाहीत. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आजोबांनी केली, बापाने केली, आता नातू करतोय. तोवर सोयाबीन, कापूस, सिमेंट, खताची पोती, दवाखान्यात न्यायचा पेशंट आणि लग्नाचं वऱ्हाड, सगळं रबरी चाकांवर.

आणि ही चाकं ज्या कागदावर चालतात तो कागद काचेच्या वरच्या फळीवर, मळकट प्लॅस्टिकच्या पाकिटात, देवाच्या तसबिरीशेजारी खोचलेला असतो. परमिट, पासिंगचं सर्टिफिकेट, पीयूसी आणि इन्शुरन्स. ड्रायव्हरला त्यातलं एकच माहीत असतं, पोलिसाने मागितला की दाखवायचा. मालकाला दोन गोष्टी माहीत असतात: हप्ता किती बसला, आणि 'फुल' आहे की 'थर्ड पार्टी'. तो कागद वाचलेला मालक मी तरी अजून पाहिलेला नाही. अपघात झाल्यावर मात्र वकिलापासून हवालदारापर्यंत सगळे तो वाचायला बसतात.

या 'थर्ड पार्टी'ला मराठीत चांगला जुना शब्द आहे, तिऱ्हाईत. करार दोघांचा, कंपनीचा आणि मालकाचा. गाडीखाली सापडणारा तिसरा. त्याने हप्ता भरलेला नसतो, सही केलेली नसते, तरी कायद्याने हा कागद सक्तीचा केला तो त्याच्यासाठी. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कोर्टांत भांडण झालं ते मात्र एकाच प्रश्नावर: तिऱ्हाईत म्हणजे नेमका कोण? रस्त्यावरचा तर आहेच, पण गाडीत बसलेला आहे का? आणि हौद्यात, पोत्यांवर बसलेला?

विमा वऱ्हाडाला नवा नव्हता. मुंबईहून लिव्हरपूलला निघालेल्या कापसाच्या गाठींचा सागरी विमा उतरवणं व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. भारतीयांच्या मालकीची पहिली जनरल विमा कंपनी, इंडियन मर्कंटाइल, 1907 साली मुंबईत निघाली, आणि 1919 साली दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. माल बुडाला, जळाला, भिजला तर भरपाई मिळते हे कापसाच्या पेठेला कळत होतं. गाठ उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा विमा असतो ही कल्पना त्या पेठेत नव्हती.

मोटारी आल्या, मग ट्रक आणि सर्व्हिस मोटारी आल्या. धक्का लागून माणूस मेला तर घरच्यांच्या हाती 1855चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. म्हणजे रीतसर दिवाणी दावा, कोर्ट फी, साक्षी, वर्षानुवर्षं तारखा. आणि एवढं करून हुकूमनामा मिळालाच तर वसूल कुणाकडून करायचा? मालकाची इस्टेट म्हणजे तोच ट्रक, आणि तोही सावकाराकडे अडकलेला. इंग्लंडने हा पेच 1930 साली सोडवला. रस्त्यावर गाडी आणायची तर आधी तिऱ्हाईताचा विमा उतरव, असा कायदा केला. हिंदुस्थान सरकारने त्याच वाटेने जायचं ठरवून 1936-37 साली मोटार वाहन विमा समिती बसवली आणि 1939चा मोटार वाहन कायदा आला. त्याचं आठवं प्रकरण विम्याच्या सक्तीचं. पण तयारीला अवधी हवा म्हणून हे एक प्रकरण बाजूला ठेवलं गेलं. मध्ये महायुद्ध सरलं, आणि 1 जुलै 1946 रोजी ते लागू झालं. कायदा सात वर्षांचा झाल्यावर त्याला दात आले.

ते दातही दुधाचेच. माल वाहणाऱ्या गाडीसाठी कंपनीची जबाबदारी सगळी मिळून 20 हजार रुपये. एक मेला काय आणि पाच मेले काय, 20 हजारच. प्रवाशांबाबतचं वाक्य फार जपून लिहिलेलं होतं. भाडं घेऊन प्रवासी नेणारी गाडी असेल, किंवा माणूस नोकरीच्या कराराने त्या गाडीत असेल, तरच त्याचा विमा सक्तीचा. बाकी गाडीत जो कुणी बसला तो आपल्या जबाबदारीवर बसला. लंडनच्या रस्त्यावर या वाक्याने फारसं काही बिघडलं नसेल, तिथे लॉरीत माल जातो आणि बसमध्ये माणसं. घाटावर शेवटची गाडी चुकली की येईल त्या ट्रकला हात करायचा असतो.

1956च्या दुरुस्तीने अपघातांच्या भरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं आली. दिवाणी दाव्याचं लचांड सुटलं. आपल्याकडे 'क्लेम टाकला' म्हणतात तो या न्यायाधिकरणापुढे. अर्ज करायला सुरुवातीला मुदत होती 60 दिवसांची, म्हणजे तेरावं, चाळिसावं आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी यांत निघून जाणारी.

याच सुमाराचा एक खटला सांगण्याजोगा आहे. तो आपल्या जिल्ह्यातला नाही, पण कापसाच्या मुलखातलाच आहे. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे एक मोटार निघाली होती. मोटार रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची. चालवत होता कंपनीचा व्यवस्थापक, निघाला होता कंपनीच्या कामाला. शेजारी बसला होता एक ओळखीचा माणूस, त्याने भाडं दिलेलं नव्हतं. वाटेत मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तो मेला.

जिनिंगवाल्यांच्या घरात असे प्रवास रोजचे होते. जागा रिकामी आहे, चला की, सोडतो. विधवेने क्लेम टाकला. न्यायाधिकरणाने 31 हजारांच्या आसपास भरपाई दिली. उच्च न्यायालय म्हणालं, कंपनी जबाबदार नाही, व्यवस्थापकाने वाटेत कुणाला बसवलं तो त्याचा खासगी मामला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला मार्च 1977 मध्ये. न्यायालयाने म्हटलं की मोटार कंपनीच्या कामावर होती, चालवणारा कंपनीचा नोकर होता, तेव्हा मालक जबाबदार. आणि धडधाकट मोटार उगाच जाऊन झाडावर आदळत नाही, निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसायची गरज नाही. वकील आजही हा निकाल उठता-बसता वापरतात.

पण विम्याच्या बाबतीत तेच न्यायालय जुन्या वाक्याला चिकटून राहिलं. शेजारी बसलेला माणूस भाड्याचा प्रवासी नव्हता आणि नोकरही नव्हता, म्हणून कायद्याने त्याचा विमा सक्तीचा नाही. पॉलिसीत कंपनीने आपखुशीने प्रवाशासाठी जे 15 हजार लिहिले होते तेवढेच तिच्याकडून मिळतील, उरलेले मालकाकडून घ्या. म्हणजे तीच मोटार त्या झाडाऐवजी झाडाखाली उभ्या माणसावर गेली असती तर तो तिऱ्हाईत. आत बसलेला मात्र ना घरचा ना बाहेरचा. सोळा वर्षं आणि तीन न्यायालयं चालल्यावर एवढी गोष्ट पक्की झाली.

दरम्यान रकमा हलत होत्या. 1969च्या दुरुस्तीने मालगाडीची मर्यादा 50 हजारांवर गेली, 1982च्या दुरुस्तीने दीड लाखावर. चूक कुणाचीही असो, मृत्यूला 15 हजार तातडीने, हे कलमही 1982चंच. पण 'सगळी मिळून' या दोन शब्दांचा काच राहिला होताच. तो सोडवला एका मराठी माणसाने. गुजरातेत 1966 साली एका मोटारीची आणि ट्रकची टक्कर झाली होती, मोटारीतला एक जण मेला आणि दुसरा जबर जखमी झाला. विमा कंपनी म्हणाली, अपघात एक, तेव्हा दोघांत मिळून 20 हजार. 1981 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी प्रश्न उलटा करून पाहिला. रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला अपघात एक दिसेल, पण ज्याचा पाय गेला त्याला विचारा, तो म्हणेल माझा अपघात झाला. जेवढी माणसं जायबंदी, तेवढे अपघात, आणि प्रत्येकाला मर्यादेपर्यंत भरपाई. कायद्याची भाषा न बदलता नुसती पाहण्याची जागा बदलून केलेला हा न्याय मला फार आवडतो.

1 जानेवारी 1973 रोजी जनरल विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. एकशेसात कंपन्यांच्या चार झाल्या. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया ही नावं मग तालुक्याच्या गावांतही पाट्यांवर दिसू लागली. दर सगळीकडे एकच, वरून ठरलेले. एजंटाकडे कार्बन घातलेलं कव्हर नोटचं पुस्तक असायचं. ट्रक दारात उभा, मालक घाईत, एजंट बॉलपेन दाबून लिहितोय, तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटलंय की नाही कुणी बघत नाही. क्लेमच्या वेळी नेमकी ती तिसरी प्रतच कोर्टात यायची.

मग आला 1988चा कायदा, लागू 1 जुलै 1989. त्याने एक मोठी गोष्ट केली, तिऱ्हाईताच्या मृत्यूसाठी आणि इजेसाठी कंपनीच्या जबाबदारीवरची रकमेची मर्यादाच काढून टाकली. आज ट्रकखाली एखादा तरुण इंजिनिअर गेला आणि भरपाई कोटभर ठरली, तर कंपनीला कोटभर द्यावे लागतात. गाडीच्या 'थर्ड पार्टी' हप्त्याची रक्कम गाडीच्या किमतीवरून ठरत नाही ती यामुळेच. जुना खटारा असो की नवी कोरी गाडी, माणूस सारखाच मरतो. 1994 साली आणखी दोन सोयी झाल्या. अर्जाची मुदत उठली, आणि क्लेम आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येऊ लागला. मेहकरच्या बाईला नवरा सुरतेजवळ गेला म्हणून सुरतेच्या कोर्टात हेलपाटे घालायची गरज उरली नाही.

त्याच 1994च्या दुरुस्तीत 'मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी' हे शब्द घातले गेले. म्हणजे शेतकरी आपला कापूस घेऊन ट्रकमधून खामगावच्या बाजारात निघाला असेल तर तो विम्याच्या छत्राखाली आला. हे वऱ्हाडाला हवंच होतं. कापूस विकायला निघालेला माणूस कापसाला सोडून एसटीने जात नाही, तो गाडीतच बसतो, नाहीतर वजनाच्या वेळी हाती चिठ्ठी वेगळीच येते. पण गंमत अशी की परत येताना गाडी रिकामी असते. माल विकला, पैसे बंडीच्या खिशात, आणि बसला त्याच ट्रकमध्ये. आता तो मालाचा मालक आहे का? यावर कोर्टांत पुष्कळ शाई खर्ची पडली. किती पोती होती म्हणजे 'माल' म्हणायचा, यावरही. भाजीची दोन टोपली घेऊन बसलेली बाई मालाची मालक की फुकट प्रवासी, हे अपघातानंतर रस्त्यावर सांडलेल्या वांग्यांच्या पंचनाम्यावरून ठरलेलं आहे.

आणि वऱ्हाड? ज्या प्रदेशाचं नावच लग्नाच्या मिरवणुकीचं, तिथलं वऱ्हाड कशात जायचं हे काय सांगायचं. ट्रकच्या हौद्यात सतरंजी, फाळक्याला फुगे, बाया-लेकरं पुढे, तरणी पोरं मागे उभी, टपावर बँडवाले. मालक ओळखीचा, डिझेल टाका म्हणतो, भाडं मागत नाही. डिसेंबर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने असं वाटलं की 1988च्या कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' म्हटलंय, तेव्हा हौद्यातलाही आत आला. तीन वर्षं दार किलकिलं राहिलं. डिसेंबर 2002 मध्ये न्यू इंडिया विरुद्ध आशा रानी या निकालात तीन न्यायमूर्तींनी ते लावून घेतलं. मालवाहू गाडी माल वाहण्यासाठी आहे, तिच्यात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालक जाणे आणि तो जाणे.

तर्काने निकाल बिनचूक आहे. कंपनीने हप्ता घेतला पोत्यांच्या गाडीचा, माणसांच्या गाडीचा नाही. पण मालक जाणे म्हणजे काय? एका ट्रकचा मालक, ज्याचा ट्रक चेंदामेंदा होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतोय. म्हणजे 1946च्या आधीचा जो प्रश्न, कोऱ्या हुकूमनाम्याचा, तोच पुन्हा दारात. न्यायालयांनाही ते टोचत असावं, कारण पुढे त्यांनी कित्येक खटल्यांत मधला मार्ग काढला. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. कधी हा मार्ग मिळतो, कधी नाही. ते पुष्कळसं न्यायाधिकरणाच्या कलावर आणि वकिलाच्या तयारीवर.

आता त्या पाकिटातला कागद एकदा बाहेर काढून बघू. पिकअपची पॉलिसी आहे, नंबर एमएच-28ने सुरू होतो. डावीकडे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हिशेब. त्यात बारीक अक्षरांत एक अट आहे, की दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंग यांची भरपाई वेगळा जादा हप्ता भरल्याशिवाय मिळणार नाही, गाडी पार निकामी झाली तरच. व्यापारी गाडी ठोकली तर आधी तुटतात याच वस्तू. उजवीकडे तिऱ्हाईताचा हप्ता. तो कंपनी ठरवत नाही, सरकार जाहीर करतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला जून 2022च्या दरपत्रकात 16,049 रुपये, आणि 40 हजार किलोवरच्या ट्रेलरला 44,242. त्याखाली पगारी ड्रायव्हरचे 50 रुपये. आणि त्याच्याही खाली एक ओळ आहे, भाडं न देणाऱ्या प्रवाशांच्या जबाबदारीची. माणशी साधारण पाऊणशे रुपये जादा भरले की हमाल किंवा मालाबरोबर जाणारा माणूस त्यात येऊ शकतो. आमच्याकडच्या बहुतेक पॉलिसींत या ओळीपुढे शून्य असतं. मालकाला विचारलं तर म्हणतो, "एजंटानं सांगितलंच नाही." एजंट म्हणतो, "मालकच म्हणतो कमीत कमी करा." दोघंही खरं बोलतात.

2000 नंतर खासगी कंपन्या आल्या. त्यांना मोटारी हव्या होत्या, ट्रक नको होते, कारण ट्रकच्या क्लेममध्ये हप्त्यापेक्षा जास्त पैसा जायचा. जुन्या ट्रकला 'थर्ड पार्टी' द्यायला टाळाटाळ सुरू झाली, तेव्हा 2007 साली सगळ्या कंपन्यांनी मिळून व्यापारी वाहनांचा एक सामाईक पूल केला. तो 2012 पर्यंत चालला, तोट्यात. दर मग वर्षागणिक वाढत गेले आणि जुलै 2018 मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी आठवडाभर चाकं थांबवली, तेव्हा डिझेल आणि टोलबरोबर हा हप्ताही मागण्यांच्या यादीत होता.

एसटीची गोष्ट निराळी. सरकारी परिवहन उपक्रमांना कायद्यानेच विम्यातून सूट मिळू शकते, मात्र त्यांनी स्वतःचा निधी उभारला पाहिजे. 1 एप्रिल 2016पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीचा म्हणून जातो आणि मृत्यू झाल्यास 10 लाखांपर्यंत मदत मिळते. कंडक्टरने फाडलेल्या तिकिटात तो रुपया दिसतो. एसटी सोडून काळी-पिवळीत किंवा मॅजिकमध्ये बसणाऱ्याच्या हाती तिकीटच नसतं.

20 मे 2019 रोजी मलकापूरजवळ राष्ट्रीय महामार्गावर कंटेनर ट्रक आणि टाटा मॅजिक यांचा अपघात झाला. मॅजिकमधले 13 जण मेले. या गाडीत ड्रायव्हर धरून आठ-एक जणांची जागा असते. 42 आसनांच्या एका बसमध्ये जवळपास दुप्पट माणसं कोंबून ती हिमाचलात दरीत गेली होती, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली एक हिशेब सांगितला आहे. कंपनीने जेवढ्या माणसांचा हप्ता घेतला तेवढ्याच माणसांची भरपाई ती देईल. सर्वांत मोठ्या 42 रकमा घ्यायच्या, त्यांची बेरीज कंपनीने कोर्टात भरायची आणि ती सगळ्या मृतांत-जखमींत प्रमाणाने वाटायची. शेअर जीपमध्ये चौथा माणूस बसताना 'सरका थोडं' म्हणतो, तसं कोर्टाने भरपाईलाही सरकायला सांगितलं. मलकापूरसारख्या अपघातात एक दुसरी वाटही असते. मॅजिकमधला माणूस मॅजिकचा प्रवासी, पण समोरच्या कंटेनरच्या दृष्टीने तो पुरता तिऱ्हाईत. चूक दोन्ही गाड्यांची असेल तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, असं 2015 साली ठरलेलं आहे. माणूस तोच, जागा तीच, कुणाचा कागद पुढे धरता यावर तो कोण ते ठरतं.

मग समृद्धी महामार्ग आला. घाटावर रूळ चढले नाहीत, पण मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या तालुक्यांतून आठपदरी होऊ शकेल असा काँक्रीटचा रस्ता गेला. त्या बांधकामात दुसरबीडजवळ तढेगाव फाट्यावर 20 ऑगस्ट 2021 रोजी लोखंडी सळयांनी भरलेला टिप्पर उलटला. सळयांवर मजूर बसलेले होते, कामाच्या जागी निघाले होते. 13 मेले. पावसाने रस्त्याची कड खचली होती.

अशा अपघातात विम्याचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो ते जरा पाहा. टिप्पर मालवाहू. वर बसलेला मजूर मालाचा मालक नाही, भाड्याचा प्रवासी नाही. तो टिप्परच्या मालकाचा नोकर असेल तर कामगार भरपाईच्या कायद्यापुरतं संरक्षण आहे. पण मोठ्या कामावर टिप्पर एकाचा, मजूर दुसऱ्या ठेकेदाराचे, सळया तिसऱ्याच्या. मजुराने कुणाची नोकरी केली हे शोधायला हजेरीपट लागतो, आणि हजेरीपट मुकादमाच्या डायरीत, डायरी मुकादमाच्या खिशात. 'फुकट प्रवासी' हा कायद्याचा शब्द सळयांवर बसून कामाला जाणाऱ्या माणसाला लावायचा म्हणजे जिभेला जड जातं. तो काही सहलीला निघाला नव्हता.

1 एप्रिल 2022 रोजी 2019च्या दुरुस्तीतला विम्याचा भाग लागू झाला आणि आजवर निकालांत असलेली गोष्ट कायद्याच्या मजकुरातच आली. वाहतूक वाहनाच्या प्रवाशाचा विमा सक्तीचा, 'मालवाहू वाहनातल्या फुकट प्रवाशांखेरीज'. अर्जाची मुदतही परत आली, सहा महिन्यांची. पळून गेलेल्या गाडीखाली मेलेल्या माणसाच्या घरच्यांना मिळणारी रक्कम मात्र त्याच दिवसापासून 2 लाख झाली, आधी ती 25 हजार होती.

1 जुलै 2023च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 जण होरपळून गेले. 1 जुलै ही तारीख या कायद्याच्या इतिहासात 1946 आणि 1989 सालीही येते, हे त्या सकाळी कुणाच्या मनात आलं असण्याचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले, कारण बहुतेकांची ओळख पटवणंच अवघड होतं. तिकीट काढून, सीटवर झोपून निघालेली ती माणसं होती. कागदाच्या दृष्टीने सरळ प्रकरण, भाड्याचे प्रवासी.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, पहाटेच, नांदुऱ्याकडच्या वडनेर भोलजीजवळ महामार्गाच्या कामावरचे मजूर रस्त्याच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये झोपले होते. मेळघाटातून आलेले. एक ट्रक शेडमध्ये घुसला आणि चौघं मेले. यांच्याबाबत वादाला जागाच नाही. झोपलेला मजूर हा तिऱ्हाईत, कायद्याने ज्याच्यासाठी 1939 साली हा सगळा घाट घातला तो अस्सल तिऱ्हाईत. तोच मजूर तासाभराने उठून, चहा पिऊन, कामावर जायला टिप्परच्या हौद्यात चढला असता तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लागलं असतं. आजही कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सात वाजता मेहकर रस्त्याला उभं राहिलं की दिसतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यात वीस-बावीस बाया, डोक्याला पदर, मांडीवर डबे, फाळक्याला धरून उभी पोरगी. ट्रॅक्टरवाल्याच्या सीटखाली पॉलिसी आहे, हप्ता भरलेला आहे, मुदत मार्चपर्यंत आहे. त्या कागदावर 'शेतीच्या वापरासाठी' असं लिहिलंय आणि ट्रॉलीच्या आसनांच्या रकान्यात शून्य.